कुणाची केबिन कुणाबरोबर?

सहकुटुंब समुद्रप्रवासाला निघताना भाड्याइतकाच विचार रात्रीच्या झोपेचाही करायला हवा

जबलपूरहून गाडीने मुंबईला निघालेल्या कुटुंबात लोअर बर्थ कुणाला द्यायचा, यावर सहसा वाद होत नाही. आजी-आजोबा खाली, तरुण मंडळी वर आणि लहान मूल आईच्या कुशीत. प्रश्न एका रात्रीचा असतो. सकाळी कल्याण आले की अवघडलेली मान आणि रात्रभराची जाग सगळेच विसरून जातात. जहाजावर मात्र त्याच माणसांना तीन-चार रात्री काढायच्या असतात, त्याही बंद दाराच्या लहानशा खोल्यांत. एकदा चुकीची विभागणी झाली की ती सबंध सहलभर सोसावी लागते.

नर्मदाकाठच्या माणसांना पाण्याचे अप्रूप नाही. ग्वारीघाट आणि भेडाघाटच्या नावा लहानपणापासून ओळखीच्या असतात. समुद्र पाहायचा तर मात्र हजारेक किलोमीटर जावे लागते. 2021 मध्ये ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागले आणि आजोबांची पंचाहत्तरी किंवा आईवडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव बोटीवर साजरा करण्याचे बेत मध्यमवर्गीय घरांतही होऊ लागले. 1990 मध्ये फ्रान्समध्ये बांधलेले हे जहाज सुमारे 210 मीटर लांब आहे. एवढ्या मोठ्या जहाजातली साधी केबिन मात्र असते जेमतेम सव्वाशे चौरस फुटांची!

समजा, राइट टाउनमधले एक दहा माणसांचे कुटुंब आहे. आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, थोरल्याची पंधरा वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा, धाकट्याचे तीन वर्षांचे बाळ आणि आत्या. आत्या म्हणजे आजोबांची मुलगी, वय अठ्ठावन्न, चार वर्षांपूर्वी पतीचे निधन झालेले. ट्रॅव्हल एजंट सांगतो, तीन केबिन घ्या. एका केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडे पडते, तिसऱ्या-चौथ्याला बहुधा कमी. थोरल्याचे चौघे एकीकडे, धाकट्याचे तिघे दुसरीकडे आणि तिसऱ्या केबिनमध्ये आजी, आजोबा, आत्या. चार, तीन, तीन. हिशेब चोख बसतो.

पण या हिशेबात आत्या कुठे झोपणार?

केबिनमध्ये खाली दोन पलंग असतात. ते जोडता किंवा वेगळे करता येतात. तिसरी, चौथी जागा म्हणजे बहुतेक वेळा भिंतीतून किंवा छतातून खाली उघडणारा बर्थ आणि त्याला लावलेली शिडी. काही केबिनमध्ये त्याऐवजी सोफा असतो, म्हणून बुकिंगआधी तेवढे विचारून घ्यावे. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी आत्याने रात्री शिडी चढायची. आजीला दोनदा बाथरूमला जायचे असते, तेव्हा अंधारात खाली उतरून हात धरायचा. पहाटे आजोबांच्या गोळ्या काढून द्यायच्या. सहलीचे पैसे भरून तिने रात्रपाळी करायची!

विचारले तर ती म्हणेल, “मला काय, कुठेही चालेल.” आपल्या घरांत हे वाक्य नेहमी ठरावीक माणसेच बोलतात आणि त्याचा अर्थ होकार असाच घेतला जातो. सगळ्यांदेखत विचारले तर दुसरे उत्तर येणार तरी कसे? तिला एकटीला गाठून, आकडे न सांगता विचारायला हवे, “ताई, तुम्हाला रात्री झोप कशी लागते? आईंच्या खोलीत राहायचंय, की वेगळं?” कदाचित तिला खरोखरच आईजवळ राहायचे असेल. मग वरच्या बर्थचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवता येईल. आजी आणि आत्या खालच्या दोन पलंगांवर एका केबिनमध्ये आणि आजोबा नातवाबरोबर दुसरीकडे, अशी वाटणीही वाईट नाही. आजोबांच्या घोरण्यापासून आजीलाही चार रात्री सुटका मिळेल, हे तिने बोलून दाखवले नाही तरी.

वेगळे हवे असेल, तर चौथी केबिन घेणे बरे. आत्या आणि पंधरा वर्षांची भाची यांना दोन स्वतंत्र पलंग मिळतात. आईवडील आणि धाकटा भाऊ यांच्याबरोबर एकाच खोलीत कपडे बदलण्याचा संकोच त्या मुलीलाही असतोच. आजी-आजोबा दोघे, थोरल्याचे तिघे, धाकट्याचे तिघे. खर्च वाढतो, हे खरे. तो भरून काढायचा तर सगळ्यांसाठी समुद्र दिसणाऱ्या केबिनचा हट्ट सोडावा. खिडकीची केबिन एकच घ्यावी आणि दिवसा सगळ्यांनी तिथेच जमावे. चहा-गप्पांना एकच खोली लागते, झोपायला मात्र प्रत्येकाला पलंग लागतो.

ती खिडकी कुणाला द्यावी? आजीला. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातले तरी दिसणार नाही इतका काळोख होतो. पहाटे चारला उठण्याची सवय असलेल्या माणसाला उजाडले की नाही हेच कळत नाही. इतरांनी बाथरूमचा दिवा लावून दार किंचित उघडे ठेवले म्हणजे भागते.

केबिन जहाजात कुठे आहे, याकडेही नकाशा मागवून नीट पाहावे. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. नाकाकडची केबिन सर्वांत जास्त वरखाली होते. पोहण्याचा तलाव किंवा नाचगाण्याचा हॉल डोक्यावर असेल, तर रात्री एकपर्यंत झोप विसरावी. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील असा मजला उत्तम. म्हाताऱ्या माणसांना लिफ्ट जवळ हवी, पण दाराला लागून नको. जहाजांवर बाथरूमला बहुधा उंबरा असतो आणि गुडघे दुखणाऱ्याचा पाय नेमका तिथेच अडखळतो. उंबरा नसलेल्या, धरायला दांडे असलेल्या केबिन मोजक्याच असतात. गरज असेल तर त्या आधी मागाव्यात, नसेल तर मागू नयेत.

आतून दार असलेल्या दोन केबिन तान्ह्या मुलांच्या आईवडिलांना सोयीच्या. त्या दारातून आवाज मात्र भिंतीपेक्षा जास्त येतो. शेजारी शेजारी केबिन म्हणजे आतून दार असेलच असे नव्हे, हे एजंटकडून लिहून घ्यावे. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या बर्थवर झोपवू नये. बाळासाठी पाळणा मिळतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारावे.

भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या जुन्या बोटींत यातले काहीच नव्हते. डेकवर वळकट्या पसरून अख्खी आळी शेजारी शेजारी झोपायची. आता दारे आली आहेत आणि दारांबरोबर एक जबाबदारीही.

प्रत्येक केबिनमागे संकटकाळी जमण्याची जागा ठरलेली असते. 2012 मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ बुडाल्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले आणि 2015 पासून प्रवाशांची ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. पुष्कळ घरे कागदावर एक वाटणी लिहितात आणि जहाजावर चढल्यावर मुलांची अदलाबदल करतात. हरकत नाही, पण ते स्वागतकक्षात सांगून करावे. नाहीतर खरी वेळ आली तर मुलगी आत्याबरोबर एका टोकाला असायची आणि तिचे नाव दुसऱ्या टोकाच्या यादीत पुकारले जायचे. रात्री भोंगा वाजला तर आजीचा हात कोण धरणार आणि बाळाला कोण उचलणार, हे पहिल्याच संध्याकाळी ठरवून ठेवावे.

आणखी एक. मोठे सामान बंदरावरच घेतले जाते आणि काही तासांनी ज्याच्या त्याच्या केबिनच्या दाराशी येते. म्हणून बॅगांवर केबिनचे नंबर आधीच नीट लिहावेत आणि बाळाचे दूध, आजोबांच्या गोळ्या व आजीचा चष्मा हातातल्या पिशवीत ठेवावा.