फोटो उचला, पण त्याचं नावगाव सोडू नका



मुंबईहून कोल्हापूरला येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस आपणा सर्वांच्या ओळखीची. कल्याण सुटले की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी अशी तिची लाईन कर्जतकडे जाते. २७ जुलै २०१९ रोजी पहाटे बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुराने ही गाडी अडवली. आत एक हजाराहून अधिक प्रवासी होते. एनडीआरएफचे जवान, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी दुपारपर्यंत सर्वांना सुखरूप बाहेर काढले.

त्या दिवसाचे फोटो आजही इंटरनेटवर आहेत. समजा, भर पावसाळ्यात कोणी त्यातला एक कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नुसताच चिकटवला. ज्याचं पोरगं त्याच रात्री महालक्ष्मीत बसलंय, त्या घरात चूल तरी पेटेल काय? फोटो खरा, पण तारीख सुटल्यामुळे बातमी खोटी!

असे का होते? मोबाईलवर फोटोवर बोट दाबून धरले, किंवा संगणकावर माऊसचे उजवे बटण दाबले, की 'कॉपी इमेज' हा पर्याय येतो. तो निवडला की चित्राची नक्कल 'क्लिपबोर्ड' नावाच्या तात्पुरत्या जागेत जाऊन बसते आणि 'पेस्ट' म्हटले की तिथून उतरते. परंतु येते ते फक्त चित्र. त्याखालची ओळ, तारीख, गाव, पानाचा पत्ता हे सारे मागेच राहते. बेणे आणले आणि उसाची जात विचारलीच नाही, त्यातली ही गत.

आता आपल्या उसाचेच बघा. चुनखडीच्या रानात लोह कमी पडले की कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. आपण केवडा पडला म्हणतो. गवताळ वाढीच्या रोगातही फुटवे पांढरट दिसतात. मोबाईलच्या फोटोत दोन्ही सारखेच वाटतील. पण पहिल्यावर हिराकसची फवारणी चालते. दुसऱ्यात रोगट बेट मुळासकट उपटून नष्ट करावे लागते आणि त्या प्लॉटचे बेणे घेता येत नाही. बिननावाच्या फोटोवर भरवसा ठेवला तर फवारणीचा खर्च जाईल तो जाईल, वर रोगट बेणे पुढच्या लागणीत शिरेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच:

१. शोधताना दिसणारे छोटे चित्र उचलू नये. मूळ पान उघडावे, खालचा मजकूर व तारीख वाचावी, मग फोटो घ्यावा. छोटे चित्र मोठे केले की धुरकट होते.

२. फोटोबरोबर पानाचा पत्ताही कॉपी करून पाठवावा आणि कुठला, कधीचा, कशाचा हे एका ओळीत लिहावे.

३. दुसऱ्याचा फोटो छापायचा झाल्यास परवानगी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये फोटोवर फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो.

४. परक्या फोटोवरून औषध ठरवू नये. आपल्याच रानातल्या पानाचा, खोडाचा व पूर्ण बेटाचा फोटो काढून गट नंबर, उसाची जात व लागणीची तारीख यांसह शेतकी विभागाला दाखवावा.

घरातली शिकलेली पोरं हे काम चुटकीसरशी करतात. त्यांना शेजारी बसवून घ्यावे, पण "हा फोटो कुठला रे?" हा प्रश्न आपण विचारल्याशिवाय राहू नये.