कोबेची जुनी यंत्रे आणि विझते निऑन दिवे



जपानी मोटारी आपल्या बेटावरील रस्त्यांना नव्या नाहीत. परंतु जपानमधील मोटारीच्या धंद्याचा आरंभ पाहावयाचा तर कोबे या बंदराकडे वळावे लागते. तेथील मित्सुबिशीच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात १९१७ साली 'मॉडेल ए' ही मोटार तयार होऊ लागली. एकाच नमुन्याबरहुकूम एकामागून एक बनविलेली जपानची ही पहिली मोटार मानली जाते. १९२१ पर्यंत अवघ्या २२ गाड्या झाल्या. जहाजे बांधणाऱ्या हातांनीच त्या घडविल्या.

याच बंदरातील मेरिकेन पार्कमध्ये सागरी संग्रहालय आहे. त्यात २००६ पासून कावासाकी कंपनीचे दालन आहे. जुन्या मोटारसायकली व पहिल्या पिढीच्या 'शिंकान्सेन' गाडीचा डबा तेथे पाहावयास मिळतो. हे नाव आपल्या महाराष्ट्रालाही परके नाही. पुण्याजवळ आकुर्डीच्या बजाज कंपनीने कावासाकीचे तांत्रिक साह्य घेतले आणि १९८० नंतरच्या दशकात 'कावासाकी बजाज' हे जोडनाव घराघरांत पोहोचले. दोन्ही कंपन्यांची भारतातील विक्रीची भागीदारी २०१७ साली संपली. तरी ज्यांनी पहिल्या पगारातून ती गाडी घेतली, त्यांना ते नाव आजही आपले वाटते.

जुन्या गाड्यांचे वेड का लागते, याचे उत्तर येथेच आहे. कोणी बॉनेटवरील बिल्ले जमवितो, कोणी तेलाचे डबे, कोणी पेट्रोल पंपावरील तामचिनीच्या पाट्या. बाजाराच्या दृष्टीने तो भंगार माल. पण त्या मालाला कोणाच्या तरी कष्टांची आणि प्रवासांची आठवण चिकटलेली असते.

अशा संग्रहात निऑन दिव्यांच्या पाट्यांना मोठा मान असतो. मोटार आणि निऑन यांचे नातेही जुने आहे. फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी हा प्रकाश लोकांना प्रथम दाखविला, तो १९१० साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात! ही पाटी बनविण्याचे काम मात्र सोपे नाही. काचेची नळी ज्योतीवर तापवून अक्षराच्या वळणाप्रमाणे वाकवावी लागते, आतील हवा काढून थोडा वायू भरावा लागतो, मग उच्च दाबाची वीज सोडली की नळी उजळते. शुद्ध निऑन नारिंगी-तांबडा प्रकाश देतो. इतर रंगांसाठी दुसरे वायू, पारा किंवा रंगीत काच वापरतात.

कोबेच्या शेजारी ओसाका शहर आहे. तेथे मिठाई बनविणाऱ्या ग्लिको कंपनीची धावपटूची पाटी १९३५ साली प्रथम उभी राहिली व तिच्या निऑनने पिढ्यान्‌पिढ्या डोळे दिपविले. २०१४ साली तिच्यावर एलईडी दिवे आले. वीज वाचते, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु काच वाकविणाऱ्या कारागिराचे काम त्याबरोबर कमी होते. पाटी कपाटात ठेवता येते, हातातील कसब ठेवता येत नाही. ते कोणी तरी शिकावेच लागते.

जपून काय ठेवावे, हे कोबेला कठीण प्रसंगाने शिकविले. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात त्या भागातील सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. मेरिकेन धक्क्याचा सुमारे ६० मीटर भाग नगराने मोडला तसाच राखला आहे. तेथील दिव्यांचे खांब अजूनही कललेले दिसतात. त्यांचा उपयोग काही नाही, शोभाही नाही. पण त्यांची हकीकत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ते मोलाचे.

आमचे सांगणे एवढेच. आपल्या घरीही आजोबांच्या गाडीची नंबर प्लेट किंवा दुकानाची गंजकी पाटी पडली असेल. ती विकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, आणि ती कोणाची, कोणत्या सालची, कशी आली, हे एका कागदावर लिहून तिच्या मागे चिकटवावे. सांगणारे माणूस गेले की उरते ते नुसते लोखंड.