दंगलीनंतरचे विस्थापन आणि स्त्री-पुरुषांचे मनःस्वास्थ्य

कापड व हिरे उद्योगांसाठी प्रसिद्ध असलेल्या सुरत शहरात खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी स्थायिक झालेली आहेत. अनेक दशके जातीय दंगलींपासून अलिप्त राहिलेल्या या शहरात, ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर भीषण हिंसाचार उसळला. त्याची सर्वाधिक झळ मुस्लिम वस्त्यांना बसली. स्त्रियांवर लैंगिक अत्याचारही झाले. बेघर कुटुंबांना छावण्यांचा आश्रय घ्यावा लागला, तर परप्रांतीय कामगारांनी मोठ्या संख्येने आपापले गाव गाठले.

अशा वेळी जळालेल्या घरांचा पंचनामा होतो. मनाला झालेल्या इजेचा होत नाही. ही इजा स्त्रिया व पुरुष यांच्यात बहुधा निरनिराळ्या रूपांनी प्रकट होते. स्त्री डोकेदुखी, छातीतील धडधड, अंगदुखी किंवा निद्रानाश यांची तक्रार घेऊन दवाखान्यात येते. मनातील भीती मात्र सांगत नाही. अत्याचारास बळी पडलेली स्त्री लोकलज्जेस्तव मौन पत्करते. छावणीत आडोसा व स्वतंत्र शौचालय नसल्यास तिच्या भयात भर पडते. पुरुषाला रोजगार गेल्याची आणि कुटुंबाचे रक्षण करता न आल्याची टोचणी लागते. तो अबोल होतो, चिडतो, प्रसंगी दारूकडे वळतो. आणि त्याचा त्रास पुन्हा घरातील स्त्रीलाच भोगावा लागतो.

म्हणूनच केवळ कुटुंबप्रमुखाचे म्हणणे नोंदवून चालत नाही. स्त्रीची विचारपूस स्त्री कार्यकर्तीने, एकांतात करावी. घडलेला प्रसंग सांगण्याचा आग्रह धरू नये. मात्र ती बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे व ते गुप्त ठेवावे. पुरुषांशीही असाच संवाद साधावा. २००२ च्या गुजरातमधील दंगलींनंतर बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने सामाजिक कार्यकर्त्यांना मानसिक आधार देण्याचे प्रशिक्षण दिले, ते याच हेतूने. मुलांची, विशेषतः मुलींची शाळा लवकर सुरू होणे हाही मोठा आधार असतो. दचकून उठणे, सतत रडू येणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे महिनाभरानंतरही टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जीव देण्याचे विचार बोलून दाखविल्यास मात्र क्षणाचाही विलंब लावू नये.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये धर्म, जात वा लिंग असा भेद न करता शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा प्रत्येकास हक्क आहे. 'टेली मानस' या १४४१६ क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला मिळतो.

दंगल शहरात होते, पण तिची धग परतणाऱ्या माणसाबरोबर दूरच्या खेड्यात पोचते. गावी आलेल्या अशा कुटुंबाकडे संशयाने न पाहता ग्रामसेवक, शिक्षक व आशा कार्यकर्ती यांनी त्याच्या घरी जाऊन स्त्री व पुरुष या दोघांचीही आस्थेने चौकशी केली, तर उपचाराचा आरंभ तेथेच होईल.