कावेरीची शेते आणि तेलविहिरींचा चिखल

तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजांचे राज्य आणि सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. परंतु ते वैभव ज्यावर उभे होते, ती कावेरीच्या गाळातील भातशेती होय. त्याच गाळाखाली, खोल थरांत, तेल आणि वायू आहेत. ३० जून २०१७ रोजी जिल्ह्यातील कदिरामंगलम येथे तेलवाहिनी फुटून शेतात तेल पसरले, तेव्हा सारे गाव रस्त्यावर आले. वाहिनीची गळती डोळ्यांना दिसते. विहिरीचा टाकाऊ माल मात्र मातीआड जातो.

हा माल कोणता? गिरमिट खडक कापीत खाली जाते, तेव्हा बेंटोनाइट माती, बराइटची जड भुकटी, पाणी व काही रसायने यांचा चिखल नळीतून खाली सोडतात. तो गिरमिटाला थंड ठेवतो, भूगर्भातील दाब तोलून धरतो आणि खडकाचा चुरा वर आणतो. २००५ सालच्या केंद्रीय नियमांनुसार हा चुरा धुवावा लागतो, आणि निरुपयोगी चिखल अभेद्य अस्तराच्या खड्ड्यात टाकून वर अभेद्य आच्छादन व मातीचा जाड थर द्यावा लागतो.

परंतु जेथे पाट आणि भातखाचरे हाकेच्या अंतरावर आहेत, तेथे अस्तराची एक चीरही महाग पडते. म्हणून माल पुरण्यापेक्षा तो कमी निर्माण करणे श्रेयस्कर. सव्वाबारा इंच व्यासाचे विवर १००० मीटर खणले, तर सुमारे ७६ घनमीटर खडक निघतो. साडेआठ इंचांचे असल्यास अवघा ३७. थरथरत्या चाळण्यांनी चुरा नीट वेगळा केला, तर तोच चिखल पुन्हा वापरता येतो. एकाच जागेवरून अनेक तिरप्या विहिरी खणल्यास जमीनही कमी अडते.

तमिळनाडूने २०२० साली कायदा करून या जिल्ह्यात नव्या तेलविहिरींना मनाई केली. आधीपासून चालू असलेल्या कामांना मात्र ती लागू नाही. विहीर जुनी होते तसे तेलाबरोबर येणारे खारे पाणी बहुधा वाढते. ते पाटात जाऊ न देता, शुद्ध करून पुन्हा खोल थरांत दाबावे लागते.

तेलाची विहीर काही दशकांत आटते. शेत त्यानंतरही कसायचे असते. म्हणून किती तेल निघाले, एवढ्यावर तिचा हिशेब संपू नये. त्या जागी पुन्हा भात उभा राहिला काय, हे पाहूनच तो मिटवावा.