संमतीची भाषा

खासगीपणा हा मूलभूत हक्क होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमताने दिला. त्यानंतरच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमातील सहावे कलम भाषाभ्यासकांनी अवश्य पाहावे. नागरिकाची माहिती वापरण्यासाठी संमती मागताना भाषा स्पष्ट व सोपी असावी, आणि आठव्या अनुसूचीतील भाषांचा, अर्थात मराठीचाही, पर्याय द्यावा, असे ते सांगते. मराठी असणे आणि सुबोध असणे मात्र एक नव्हे. ‘उक्त प्रयोजनार्थ प्रक्रियाकरणास अनुमती’ हेही मराठीच! ‘तुमचा दूरध्वनी क्रमांक कर्ज देणाऱ्या कंपनीस देऊ’ असे लिहिले, तरच वाचणारा नकाराचा विचार करील. वाद उपस्थित झाल्यास संमती यथाविधी घेतल्याचे सिद्ध करण्याचा भार माहिती घेणाऱ्यावर आहे. तेव्हा दुर्बोध मराठी त्यालाही महाग पडू शकेल.