चित्रफीत तयार होती, दाखवणार कोण?

'नर्सिंग होम' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दहा-वीस खाटांचे खासगी रुग्णालय येते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा. घरी सांभाळणे अशक्य झालेले वृद्ध तेथे परिचारिकांच्या देखरेखीखाली राहतात. अनेकांचा अखेरचा काळही तेथेच सरतो. अशा वृद्धाची प्रकृती ढासळली तर त्याला रुग्णालयात हलवायचे, कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवायचे, की केवळ वेदनाशमन करून शांतपणे राहू द्यायचे? हा प्रश्न रुग्णवाहिका दाराशी आल्यावर नव्हे, तर आधीच विचारला जावा, म्हणून 'प्रोव्हन' हा प्रयोग हाती घेण्यात आला.

फेब्रुवारी २०१६ ते मे २०१८ या काळात दोन आरोग्यसेवा समूहांची ३६० नर्सिंग होम त्यात सहभागी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या ११९ संस्थांना उपचारांचे पर्याय समजावणाऱ्या छोट्या चित्रफिती देण्यात आल्या. उरलेल्या २४१ संस्थांचे काम पूर्ववत चालू राहिले. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर आजारी रहिवाशांना रुग्णालयात हलवण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नव्हता.

चित्रफिती निरुपयोगी ठरल्या, असे म्हणून मोकळे होता आले असते. परंतु याच अहवालातील दुसरी आकडेवारी बोलकी आहे. गंभीर आजार असलेल्या ४,१७१ रहिवाशांपैकी केवळ ९१२ जणांच्या बाबतीत चित्रफीत पाहिली गेली. १४ संस्थांत ती एकालाही दाखवली गेली नाही. २२ संस्थांत मात्र हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. औषध बाटलीतच राहिले, तर गुण न आल्याचा दोष औषधाला कसा द्यावा?

ठरल्याबरहुकूम अंमलबजावणीला संशोधक 'फिडेलिटी' म्हणतात. चित्रफिती सर्वत्र त्याच होत्या. मग एका संस्थेत काम होते आणि दुसरीत होत नाही, याचे उत्तर संस्थेतच शोधावे लागते. येथे ही जबाबदारी प्रामुख्याने तेथील समाजसेवकांवर होती. नव्या रहिवाशांच्या नोंदी, कुटुंबीयांशी बोलणी, कागदपत्रे हे सारे सांभाळून त्यांनी मृत्यूसारख्या नाजूक विषयाला हात घालायचा! त्यातच प्रशिक्षित व्यक्ती नोकरी सोडून गेली, तर प्रशिक्षणही तिच्याबरोबर जाते.

आणि माणसे सतत जात असतात. २०१७ व २०१८ मधील नोंदींवर आधारलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अमेरिकी नर्सिंग होममधील परिचर्या कर्मचाऱ्यांच्या वार्षिक गळतीचे सरासरी प्रमाण सुमारे १२८ टक्के होते. शंभराहून अधिक कसे? एकच जागा वर्षातून दोन-तीनदा रिकामी झाली, तर प्रत्येक वेळ मोजली जाते. निम्म्या संस्थांत हे प्रमाण ९४ टक्क्यांहून अधिक होते. जेथे रहिवाशाला स्नान घालणारा चेहराच दर काही महिन्यांनी बदलतो, तेथे नवा उपक्रम रुजणार कसा? मनुष्यबळ अपुरे असलेल्या संस्थांना अशा उपक्रमांची गरज अधिक असते आणि ते राबवण्याची ताकद नेमकी त्यांच्याचकडे नसते. केवळ प्रशिक्षण देऊन हा पेच सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

नर्सिंग होमना तारांकित दर्जा देण्याची अमेरिकी सरकारची पद्धत २००८ पासून आहे. कर्मचारी गळतीचे आकडे मात्र सरकारी संकेतस्थळावर झळकले ते २०२२ मध्ये. आईवडिलांसाठी संस्था शोधणाऱ्याला आता तारे मोजण्यापूर्वी तेथील माणसे किती काळ टिकतात, हेही पाहता येते.