रोवणीचं बोट आणि मोबाइलमधलं कुलूप

गोंदिया जिल्ह्यात भाताची रोवणी जोरात आली की रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन रुसायला लागतं. दिवसभर बांधीत वाकून पऱ्हे लावलेल्या बाईचं बोट काही केल्या जुळत नाही. "पुसून लावा," दुकानदार म्हणतो. पुसलं तरी तेच. मग दुसरं बोट, मग तिसरं. तिच्याच घरातल्या पोराने मोबाइलवर क्रिप्टोचं, म्हणजे आभासी चलनाचं, वॉलेट उघडून त्याला बोटाचं कुलूप लावलं असेल, तर चिखलातून आल्यावर त्याचीही हीच गत होते.

बोट पाण्यात राहिलं की कातडी पाणी पिऊन फुगते आणि सुरकुतते, असा आपला समज. पण चेतातंतू तुटलेल्या बोटाला पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत, हे डॉक्टरांच्या १९३०च्या दशकातच लक्षात आलं होतं. पाणी मुरलं की चेतातंतूंच्या इशाऱ्याने बोटाच्या टोकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, आतला गर आकसतो आणि वरची कातडी दुमडते. ठशाची नक्षी तीच असते, फक्त चुरगळलेली. त्यात चिखलाने आणि विळ्याच्या मुठीने रेषांचे कंगोरे झिजतात ते वेगळंच. पण या नक्षीचा साचा कातडीच्या खालच्या थरात असतो आणि तो आईच्या पोटातच पक्का झालेला असतो. त्यामुळे वरची झीज भरून निघाली की जुनाच ठसा परत येतो.

मोबाइलच्या बाजूच्या बटणातला सेन्सर या रेषा विजेने वाचतो. रेषेचा उंचवटा सेन्सरला टेकतो, दोन रेषांमधली खाच किंचित दूर राहते. या अंतरामुळे जागोजागी साठणाऱ्या विद्युतभारात फरक पडतो आणि त्या फरकाचा नकाशा म्हणजे ठसा. बोट ओलं असेल तर खाचांमध्ये पाणी भरतं, फरक पुसला जातो. स्क्रीनखालचा सेन्सर बहुतेक वेळा प्रकाश टाकून बोटाचं चित्र घेतो. ओल्या बोटाशी त्याचंही फारसं पटत नाही. रोवताना उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं सगळ्यात जास्त राबतात. तेव्हा मोबाइलमध्ये डाव्या हाताची अनामिकाही नोंदवून ठेवावी, तीसुद्धा हात कोरडे असताना.

आता रेशनच्या मशीनमध्ये आणि मोबाइलमध्ये एक मोठा फरक आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबारच्या टेंभली गावात पहिली आधार कार्डं दिली गेली, तेव्हापासून आपले ठसे एका मध्यवर्ती साठ्यात जमा होत आले. दुकानात लावलेलं बोट सांकेतिक रूपात तिथवर जातं, तिथे पडताळलं जातं आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर परत येतं. मोबाइलमध्ये ठसा कुठेही जात नाही. चिपच्या एका बंदिस्त कप्प्यात तो साठतो आणि जुळणीही तिथेच होते. वॉलेटच्या अ‍ॅपला तुमचं बोट कधी दिसतच नाही. ते जुळलं की नाही, एवढंच कळतं.

म्हणजे बोट ही पैशाची किल्ली नव्हे. खरी किल्ली हा एक प्रचंड मोठा आकडा असतो. बोट जुळलं की तो वापरायची परवानगी मिळते, इतकंच. हा आकडा माणसाला लिहून ठेवता यावा म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत निघाली: २,०४८ ठरावीक शब्दांच्या यादीतून १२ किंवा २४ शब्द, ठरलेल्या क्रमाने. बारा शब्दांच्या ज्या वैध जुळण्या होतात, त्यांची संख्या ३४ वर ३७ शून्यं इतकी भरते. अंदाजाने कोणी त्या शोधू शकणार नाही. पण शब्दांचा फोटो काढून गॅलरीत ठेवला असेल, तर शोधायची गरजच उरत नाही.

वॉलेटच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या खाली बोटाचा पर्याय असतो. तो चालू करायला एक मिनिटही लागत नाही. मात्र त्याआधी मोबाइलला पिन असावाच लागतो आणि घोडं तिथेच अडतं. मोबाइल बंद करून चालू केला, किंवा बोट वारंवार चुकलं, की तो पिनच मागतो. तो १२३४ असेल, तर बोटाच्या कुलपाला काय अर्थ? शिवाय पिन ठाऊक असलेला कोणीही आपलं बोट त्या मोबाइलमध्ये नोंदवू शकतो. नीट बांधलेलं अ‍ॅप नवं बोट आलेलं ओळखतं आणि पुन्हा पासवर्ड विचारतं. आपलं अ‍ॅप तसं करतं का, हे घरच्या कोणाचं बोट नोंदवून पाहता येतं.

आणि किल्ली मुळात आपल्या मोबाइलमध्ये आहे का, हेही पाहावं. क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजच्या अ‍ॅपमध्ये ती कंपनीकडे असते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीला गेली. तिथे ग्राहकांनी आपापल्या मोबाइलवर लावलेल्या बोटांच्या कुलपांचा काडीचाही उपयोग नव्हता.

किल्ली स्वतःकडे असेल तर दुसरीच अडचण. बँकेच्या खात्याला वारसाचं नाव लावता येतं. अशा वॉलेटमध्ये साधारणपणे तसा रकानाच नसतो, आणि माणूस गेल्यावर त्याचं बोटही उपयोगाचं राहत नाही. ते बारा शब्द ज्या कागदावर लिहिले, तो घरात कुठे ठेवला आहे, हे कोणा एकाला तरी आधीच सांगून ठेवावं लागतं. कागद पावसाळ्यात ओल लागणार नाही अशा जागी हवा. मजकूर शाईने नको, पेन्सिलने लिहावा.